ठासणीची रिव्हॉल्व्हर : ओळख, कागदपत्रे आणि जतन

नारायणपेठकर (धागाकर्ते)

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून माळे रिकामे होत आहेत, आणि त्यांतून तलवारी-कट्यारींबरोबर अधूनमधून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची रिव्हॉल्व्हरही बाहेर पडत आहेत. अशी वस्तू हाती आल्यावर घरातली मंडळी पहिल्या उत्साहात जे करतात, त्यानेच तिचे सर्वाधिक नुकसान होते. कोणी पॉलिशपेपर घेऊन गंज घासतो, कोणी चिंच-मीठ लावून पितळ लखलखीत करतो, तर कोणी अडकलेला घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग) पकडीने ओढून पाहतो. जे दीडशे वर्षांत झाले नाही ते एका दुपारी होते आणि मग ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. या विषयावर मराठीत सलग असे काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

तयार काडतूस रूढ होण्यापूर्वीच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या तोंडाने काळी दारू आणि शिशाची गोळी भरून ती घट्ट ठासावी लागे, आणि मागच्या बाजूच्या निपलवर, म्हणजे भोक असलेल्या छोट्या बोंडावर, तांब्याची स्फोटक टोपी बसवावी लागे. कोकणात किंवा मावळात ज्यांनी केपाची ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. इथे एका नळीमागे पाच किंवा सहा चेंबर फिरतात, एवढाच फरक.

आपल्याकडे सापडणाऱ्या नगांत दोन घराणी ठळकपणे दिसतात. पहिले सॅम्युअल कोल्ट यांचे. त्यांना अमेरिकेत 1836 साली पेटंट मिळाले आणि त्यांचे 1851 चे 'नेव्ही' मॉडेल जगभर पोहोचले. साडेसात इंचांची अष्टकोनी नळी, .36 कॅलिबर, सहा चेंबर, सुमारे बाराशे ग्रॅम वजन आणि सिलिंडरभोवती रुळाने उठवलेले सागरी लढाईचे चित्र ही त्याची ओळख. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांत झालेल्या त्या लढाईची 16 मे 1843 ही तारीखही सिलिंडरवर कोरलेली असते. या बनावटीत सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते. नळी एका आडव्या पाचरीने मधल्या दांड्याला जखडलेली असते. कोल्ट यांनी 1853 मध्ये लंडनच्या पिमलिको भागात कारखाना काढला आणि 1856 पर्यंत तो चालवला, त्यामुळे काही नगांच्या नळीवर न्यूयॉर्कऐवजी लंडनचा पत्ता आढळतो.

दुसरे घराणे रॉबर्ट ॲडम्स यांचे. 1851 च्या त्यांच्या पेटंटात नळी आणि फ्रेम एकाच घडीव लोखंडातून काढलेली आहे, चेंबर पाच आहेत, आणि घोड्याला अंगठ्याने मागे ओढण्यासाठी काटाच नाही. चाप ओढला की घोडा आपोआप उठतो आणि पडतो. 1856 मध्ये ब्युमाँट यांनी सुचवलेल्या सुधारणेमुळे घोडा अंगठ्यानेही चढवता येऊ लागला आणि ब्रिटिश सैन्याने हे हत्यार स्वीकारले. 1857 च्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही घराणी होती. रिव्हॉल्व्हर अधिकारी बहुधा स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून ट्रँटर, वेब्ली अशा इतर कारागिरांची कामेही इथे आली. पुढे 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने सर्वसामान्यांच्या घरातून बंदुका गेल्या, तरी सरदार, इनामदार आणि संस्थानांच्या आश्रयातील घराण्यांकडे त्या राहिल्या. आपले माळे त्यांचीच साक्ष देत आहेत.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो. अशा रिव्हॉल्व्हरचा मूळ पृष्ठभाग हाच त्याचा दस्तऐवज आहे. ठासणीच्या दांड्याच्या आडोशाला उरलेली निळ्या मुलाम्याची छटा, पितळी चापरक्षकाच्या कोपऱ्यात टिकलेले चांदीचे पाणी, मुठीच्या अक्रोडी लाकडावर जिथे तळहात टेकत असे तिथली झीज, या सगळ्यांतून ते हत्यार कसे बनले आणि कोणी किती वापरले हे वाचता येते. ते घासून नवा मुलामा चढवणे म्हणजे मोडी कागद धुऊन त्यावर नव्या शाईने देवनागरी लिहिण्यासारखे आहे. ऱ्हास थांबवणे हे आपले काम आहे. हत्यार पुन्हा चालते करणे हे संग्राहकाचे काम नाही, आणि परवान्याशिवाय तो गुन्हाही आहे.

जाणकारांनी भर घालावी.

मोडीवाचक

धागा अगदी वेळेवर आला, धन्यवाद. आमच्या वाईच्या घरातल्या एका जुन्या मोडी यादीत 'विलायती पाचबारी पिस्तूल, एक' अशी नोंद आहे, आणि ते पिस्तूल गेल्या महिन्यात लाकडी पेटीत सापडले. आजोबांच्या नावाचा परवाना होता असे आई सांगते, पण कागद सापडत नाही. घोडा हलत नाही, सिलिंडर फिरत नाही, नळीवर तांबूस-तपकिरी थर आहे आणि घोड्याला अंगठ्याचा काटा नाही, म्हणजे आपण वर्णन केलेले ॲडम्सच असावे असे वाटते. मी अजून काहीही साफ केलेले नाही. ते पुण्याला आणून आपल्यासारख्या कोणाला दाखवावे का?

शिवाजीनगर_कोर्ट

मोडीवाचक ताई, आणू नका. पुढचे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत समाजमाध्यमांवर फार चुकीची माहिती फिरत असते.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 प्रमाणे अग्निशस्त्र जवळ बाळगण्यासाठी परवाना लागतो. 'शंभर वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे कायदा लागू नाही' असे जे सांगितले जाते त्याचे मूळ कलम 45 मध्ये आहे, पण लोक ते अर्धेच वाचतात. जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त हत्यार या कायद्याच्या बाहेर राहते हे खरे, मात्र ते दुरुस्त करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असले पाहिजे. 'दुरुस्त करून' हे शब्द निर्णायक आहेत. गंजामुळे घोडा अडकला आहे एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही, कारण गंज निघू शकतो आणि कमान (स्प्रिंग) बदलता येते.

फेब्रुवारी 2020 मध्ये शस्त्र नियम 2016 मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय नागरिकांना 'क्युरिओ' या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे परवान्याशिवाय मिळवण्याची आणि बाळगण्याची मुभा मिळाली. परंतु ती वापरण्यासाठी, घेऊन फिरण्यासाठी किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठी परवाना लागतोच. शिवाय आपली वस्तू त्या वर्गात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून ते लेखी घ्यावे. पुणे शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा आहे, आणि वाईसाठी सातारा जिल्हा प्रशासनाकडे जावे लागेल. म्हणूनच गाडीच्या डिकीत घालून ते पुण्याला आणणे योग्य नाही.

परवानाधारक दिवंगत झाल्यावर वारसाच्या ताब्यातील हत्यार विनापरवाना ठरते. अशा वेळी कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसा हक्काने परवान्यासाठी अर्ज करावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने येणारे हत्यारही त्या दोनांतच धरले जाते, हेही लक्षात असू द्या. जमा करण्यापूर्वी एखाद्या वकिलाचा सल्ला जरूर घ्या. स्वतःहून पुढे येणाऱ्या वारसाकडे यंत्रणा वेगळ्या नजरेने पाहते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक कायदा इथे लागू होतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी संकेतस्थळांवर अशा वस्तूंच्या किमती पाहून कुरियरचा विचार करणाऱ्यांनी तो तिथेच सोडून द्यावा.

दापोलीकर

कायद्याइतकेच तातडीचे एक सांगतो. ताई, पेटीतले ते पिस्तूल भरलेले असू शकते.

आमच्या भागात ठासणीच्या बंदुका शेतराखणीसाठी भरून खुंटीला टांगून ठेवण्याची रीत होती. भरणारा माणूस गेला आणि बंदूक तशीच राहिली, असे प्रकार मी पाहिले आहेत. कोरडी राहिलेली काळी दारू कितीही वर्षांनी पेटते. जुनी झाली म्हणून ती मरत नाही. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत नळीसमोरचे सोडून सिलिंडरची पुढची तोंडे बाजूने दिसतात. तिथे शिशाची करडी गोलाई किंवा मेणाचा थर दिसला, अथवा निपलवर तांब्याची टोपी आढळली, तर हात लावणे तिथेच थांबवा आणि पोलिसांना तसे स्पष्ट सांगा. नळीचे तोंड माणसाकडे करू नका. गंज सुटावा म्हणून गरम करणे, बत्ती लावणे, हातोडीने ठोकणे यांतले काहीही करू नका.

धातुसंवर्धक

दापोलीकरांनी जे लिहिले ते सर्वांत आधी. हत्यार रिकामे आहे हे अधिकृत माणसाने तपासून सांगेपर्यंत संवर्धनाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यानंतर, आणि वस्तू कायदेशीरपणे तुमच्या ताब्यात असताना, काय करावे हे आता लिहिते. माझे काम प्रामुख्याने लोखंडी आणि पितळी वस्तूंचे आहे.

गंजाचे दोन प्रकार डोळ्यांनी ओळखता येतात. एक घट्ट, गुळगुळीत, गडद तपकिरी थर. बोट फिरवले तर बोटाला काही लागत नाही. हा थर स्थिर असतो, खालच्या धातूचे काही प्रमाणात रक्षणच करतो, आणि तो काढू नये. दुसरा नारिंगी, भुसभुशीत, पापुद्रे सुटणारा, कधी त्यावर दमट दिवसांत घामासारखे बारीक थेंब दिसतात. हा चालू गंज आहे आणि तो आत खात जातो.

या रिव्हॉल्व्हरमध्ये चालू गंज कुठे असतो याला एक कारण आहे. काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतो. जळल्यावर त्यातून पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असे क्षार मागे राहतात, आणि त्यांतले काही हवेतला ओलावा शोषून घेतात. त्या काळच्या बऱ्याच टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळून उरणारे पोटॅशियम क्लोराइड हे मिठाच्याच जातीचे. म्हणूनच निपलच्या सभोवती, घोड्याच्या तोंडावर आणि सिलिंडरच्या मागच्या भागात खड्डे पडलेले असतात, तर नळीचा बाहेरचा भाग त्यामानाने सुस्थितीत असतो. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. त्यांच्यावर तेल चोपडले तर ते झाकले जातात आणि आतल्या आत काम करत राहतात. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या तेल दिलेली हत्यारेही आतून पोखरलेली सापडतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

तेलाविषयीही लिहायला हवे. आपल्याकडे हाताशी असते म्हणून करडईचे किंवा जवसाचे तेल लावले जाते. ही वाळणारी तेले आहेत. काही वर्षांत त्यांचा पिवळट, चिवट पापुद्रा होतो आणि चाप, कमान, सिलिंडरचा आस सगळे जखडते. ताईंचा घोडा हलत नाही त्यामागे गंजापेक्षा हेही असू शकेल. असा थर स्पिरिट किंवा ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या सुती बोळ्याने मऊ होतो, मात्र ते मुठीच्या लाकडापासून दूर ठेवावे, कारण त्यावरचे जुने व्हार्निश त्यात विरघळते.

चालू गंजासाठी मी आधी मऊ ब्रश, मग बांबूची टोकदार काडी आणि भिंगाखाली शस्त्रक्रियेचे पाते वापरते, आणि पाते पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरते, म्हणजे सुटलेला पापुद्रा तेवढा निघतो. एका निपलभोवतीच्या जागेला अख्खी दुपार लागू शकते. स्टील-वूल अगदी बारीक असले तरी निळ्या मुलाम्याचा उरलासुरला अंश नेते, म्हणून मूळ रंगाची छटा जिथे दिसते तिथे ते वापरू नये. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट साफ करण्याची आम्ले यांचे नावही काढू नये. ती गंज आणि मूळ थर यांत भेद करत नाहीत आणि मागे करडा, मेलेला धातू सोडतात. चिंच-मीठ तर दुहेरी नुकसान करते. पितळावरचे चांदीचे पाणी जाते, आणि मीठ सांध्यातून शेजारच्या लोखंडात शिरते.

शेवटी, पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) पातळ हात द्यावा. संग्रहालयांतही हेच वापरतात. हलत्या भागांत शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो.

साठवणीबाबत थोडक्यात सांगते. चामड्याच्या जुन्या म्यानात हत्यार ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि क्षार धातू खातात. म्यान हा स्वतंत्र ऐवज आहे, तो वेगळा जपावा. जुन्या वाड्यांच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, तेव्हा भिंतीतले कोनाडे टाळावेत. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक पुरेसा आहे. जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत तो मापक दर आठवड्याला पाहावा आणि काटा पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ लागला की जेल सुकवून घ्यावे.

भोसरी_टूलरूम

धातुसंवर्धक ताईंची माहिती उत्तम आहे, पण धागाकर्त्यांच्या मूळ भूमिकेशी मी सहमत नाही. मी आयुष्यभर यंत्रे दुरुस्त केली आहेत. जे यंत्र हलत नाही ते माझ्या दृष्टीने अर्धेच उरलेले असते. घोडा उठताना सिलिंडर एक घर पुढे फिरतो आणि नेमक्या जागी अडतो, ही त्या काळच्या कारागिराची खरी करामत आहे. ती दिसलीच नाही तर काचेआड ठेवलेल्या लोखंडाला पाहून तरुण मुलांना काय कळणार? तुटलेली कमान त्याच मापाची नव्याने करून बसवली, जुनी डबीत जपून ठेवली आणि तशी नोंद केली, तर दस्तऐवज कुठे नष्ट होतो?

नारायणपेठकर

भोसरी_टूलरूम साहेब, आपला मुद्दा मनापासूनचा आहे आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. यंत्र म्हणून त्याची करामत दिसावी हे मलाही वाटते. तरीही दोन कारणांसाठी मी माझ्या मतावर ठाम आहे.

एक कारण कायद्याचे. परवान्याशिवाय अग्निशस्त्राची दुरुस्ती करणे कलम 5 खाली येते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आपल्या टूलरूममध्ये आपण अत्यंत सद्हेतूने ती कमान केलीत, तरी कायद्याच्या लेखी ते न चालणारे हत्यार चालते करणेच ठरेल. ज्याची नोंद परवान्यावर आहे असे हत्यारही परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

दुसरे कारण पुराव्याचे. तुटलेली कमान हीसुद्धा माहिती आहे. कोल्टच्या जुन्या नगांवर फ्रेम, नळी, चापरक्षक, मुठीची पट्टी, सिलिंडर आणि अगदी पाचरीवरही एकच अनुक्रमांक ठोकलेला असतो. हे सगळे क्रमांक जुळले की तो नग कारखान्यातून निघाला तसा आहे हे कळते. एखादा वेगळा निघाला की मधे कधीतरी भाग बदलला गेला हे कळते, आणि तो कोणी, कुठे बदलला असेल याचा शोध सुरू होतो. स्थानिक लोहाराने कानशीने घडवलेला एखादा स्क्रू कोल्टच्या कारखान्यातल्या दहा स्क्रूंपेक्षा आपल्याला अधिक सांगतो. नवीन कमान बसवायची तर बहुधा जुने स्क्रू सोडवावे लागतात, आणि त्यांच्या खाचा अशा असतात की बाजारातल्या पाचरीच्या आकाराच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने त्यांचे ओठ हमखास फुटतात. म्हणून, ज्याला परवानगी आहे त्यानेही स्क्रू सोडवण्यापूर्वी खाचेच्या मापाचे, समांतर बाजूंचे टोक घासून घ्यावे. पाचर काढतानाही लोखंडी हातोडी न वापरता लाकडी वा पितळी पट्टीने डाव्या-उजव्या बाजूंची पाहणी करूनच ती सारावी.

यंत्राची हालचाल मुलांना दाखवायची असेल, तर आपल्यासारख्या माणसाने लाकडात किंवा ॲक्रिलिकमध्ये दुप्पट मापाचा, गोळी भरताच येणार नाही असा उघडा नमुना करावा. असा नमुना पुण्यातल्या एखाद्या शाळेला दिलात तर त्याचे फार मोठे मोल होईल, आणि मी मापे काढायला आपल्यासोबत बसेन.

भोसरी_टूलरूम

अनुक्रमांकांचा मुद्दा मान्य. लाकडी नमुन्याची कल्पना आवडली, दिवाळीनंतर हाती घेतो. मात्र 'दुरुस्ती म्हणजे नाश' हे मी अजूनही सरसकट मान्य करत नाही.

टेक्सासहून_बाणेर

नव्या बनावटीच्या प्रतिकृतींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेत होतो आणि तिथे हा छंद जवळून पाहिला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावाच्या परिसरात, जिथे बंदुका घडवण्याची परंपरा शतकांची आहे, कोल्ट आणि रेमिंग्टनच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनू लागल्या. उबेर्ती आणि पिएत्ता ही तिथली दोन मोठी नावे. अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यात 1898 किंवा त्यापूर्वीची हत्यारे आणि अशा ठासणीच्या प्रतिकृती नेहमीच्या अग्निशस्त्रांच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत, त्यामुळे तिथे त्या सहज मिळतात. या वाक्यावरून इथे कोणी निष्कर्ष काढू नये. भारतात चालती प्रतिकृती हे सरळसरळ अग्निशस्त्र आहे आणि सामानातून ती आणणे हा गंभीर गुन्हा आहे.

प्रतिकृती ओळखता येणे संग्राहकाला आवश्यक आहे, कारण तीच जुनाट करून अस्सल म्हणून विकली जाते. इटालियन नगावर गार्दोनेच्या चाचणीगृहाच्या (हत्यार तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेच्या) खुणा असतात : काळ्या दारूच्या चाचणीसाठी 'पीएन' ही अक्षरे, आणि चौकटीत वर्षाचा संकेत. 1974 पर्यंत हा संकेत रोमन अंकांवर आधारलेला होता, 1975 पासून 'एए', 'एबी' अशी अक्षरजोडी आली. फसवणूक करणारा या खुणा घासून काढतो. टेबलावरचा दिवा अगदी आडवा धरून फ्रेमची बाजू पाहिली, तर घासलेल्या जागी उथळ खोलगट सावली दिसते. मूळच्या सपाट पृष्ठभागावर ती नसते. दुसरी खूण इतिहासाची आहे. पितळी फ्रेमचे, .44 कॅलिबरचे 'कोल्ट नेव्ही' कोणी दाखवले तर ते निःसंशय आधुनिक आहे, कारण कोल्टचे मूळ नेव्ही .36 चे आणि लोखंडी फ्रेमचे होते.

पुण्यातल्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात पितळी पत्र्याची जी पिस्तुले 'ईस्ट इंडिया कंपनी'चा शिक्का आणि ठळक साल टाकून मिळतात, ती सजावटीच्या वस्तू आहेत. घराच्या भिंतीवर लावायला हरकत नाही, पण त्यांना पुरातन समजून दाम मोजू नयेत. आणि खेळण्यातले किंवा शोभेचे हत्यार चालते करण्याचा प्रयत्न हा कलम 6 प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे, हेही नमूद करतो.

मोडीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. भावाने वाईला पेटीतून न काढता, दिवा आडवा धरून छायाचित्रे घेतली. चेंबरची जी तोंडे दिसतात ती मोकळी आहेत आणि निपलवर टोपी नाही. सिलिंडरवर एका लंबगोलात 'ईएलजी' ही तीन अक्षरे आणि खाली तारा आहे, वर मुकुट नाही. नळीवर काही नाव आहे, पण गंजाखाली गेले आहे.

नारायणपेठकर

ताई, ही फार महत्त्वाची खूण आहे. लंबगोलातली ती अक्षरे बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाची आहेत, आणि 1893 पासून त्यावर मुकुट येऊ लागला. तो नाही, म्हणजे आपला नग त्याआधीचा. ॲडम्सच्या पेटंटची रिव्हॉल्व्हर लिएजच्या कारखान्यांतही परवान्याने बनत होती. तेव्हा आपल्या यादीतले 'विलायती' पिस्तूल बहुधा बेल्जियममध्ये घडलेले आहे, आणि विकणाऱ्याचे नाव नळीवर असेल तर ते कोलकात्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या पेढीचेही निघू शकते. त्या काळी इथले व्यापारी युरोपातून माल मागवून त्यावर स्वतःचे नाव कोरून घेत. गंजाखालचे ते नाव हीच तुमच्या घराण्याच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान जागा आहे, तेव्हा तिथे बोटही फिरवू नका. आपली मोडी यादी भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावी असेही सुचवतो. त्याच दप्तरात खरेदीची नोंद असण्याची शक्यता आहे.

शिवाजीनगर_कोर्ट

खूण मिळाली हे उत्तम. तरी वर्ष कळले म्हणून परवान्याचा प्रश्न सुटत नाही. जमा करणे आधी. वाई पोलीस ठाण्याला दूरध्वनी करून वस्तू घरी आहे असे सांगा, ती कशी आणायची हे त्यांनाच विचारा आणि आजोबांच्या मृत्यूचा दाखला व वारसांची नावे सोबत ठेवा. जुन्या परवान्याचा क्रमांक जिल्हा कार्यालयाच्या नोंदवहीत मिळू शकतो, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा.

धातुसंवर्धक

पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत पावसाळा काढावा लागणार असेल, तर कलम 21 मधली परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय आधी विचारून पाहा. दोन्हीकडे एक विनंती लेखी करा : साफ करू नये, तेल लावू नये, सुती कापडात गुंडाळून आहे त्या अवस्थेत ठेवावे. पावतीवर 'जुने पिस्तूल, एक' एवढेच लिहून घेऊ नका. पाच चेंबर, लंबगोलातली खूण, दिसतील ते सर्व क्रमांक, मुठीवरची चीर असल्यास तीही, असे सगळे छायाचित्रांशी ताडून लिहून घ्या आणि छायाचित्रांच्या मागे तारीख घालून सही घ्या.

मोडीवाचक

असेच करते. भाऊ सोमवारी ठाण्यात जाणार आहे. पावती मिळाली की तिच्यातला मजकूर नावे वगळून इथे देईन, आणि दप्तरात खरेदीची नोंद सापडली तर तीही.